मुरमावरची मेंदी

आमच्या घरापुढं काहीच नव्हतं. ज्यांनी ती कॉलनी आता पाहिली आहे त्यांना हे खरं वाटत नाही, कारण आता तिथं पाय ठेवायला जागा नाही. आम्ही राहायला गेलो तेव्हा नाशिकच्या लेण्यांच्या डोंगराच्या बाजूला नुसता उघडा माळ होता, तांबूस मुरमाचा, आणि त्यावर ओळीनं विटांची, पत्र्याची, एकसारखी घरं. वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, सातपूरला कारखान्यात होते. तिथल्या आमच्या बौद्ध समाजाच्या कामगारांनी मिळून ती जागा घेतली होती. प्रत्येकाला दोन खोल्या आणि पुढं खोलीएवढंच अंगण. अंगण म्हणायचं ते आमचं आम्हीच. उन्हाळ्यात मुरूम असा तापायचा की दारातून नळापर्यंत अनवाणी जाता येत नसे, आणि दुपारी वारा सुटला की ताटातल्या भाकरीवर धुळीचा थर बसायचा. आवाज मात्र पुष्कळ. सकाळी कारखान्याचा भोंगा, मग सायकलींच्या घंट्या, मग नळाला पाणी यायच्या आधीचा तो फुसफुस वारा, आणि पाणी आल्यावर बायकांची भांडणं. रविवारी विहारातून वंदनेचा आवाज यायचा. विहार म्हणजे तेव्हा चार खांब आणि वर पत्रा होता.

आई सरकारी दवाखान्यात आया होती. तिला पाळी असायची, कधी सकाळची, कधी दुपारची. माझी चौथी झाली आणि घरात ठरलं की विमलनं आता घरी राहायचं, धाकट्या छबीला सांभाळायचं आणि चूल बघायची. मला शाळेचं फार वेड होतं असं नाही, म्हणून त्याचं रडगाणं मी गाणार नाही. माझा राग होता तो भाकऱ्यांवर. दादांच्या डब्याच्या, आईच्या डब्याच्या आणि आमच्या दोघींच्या. ओल्या गोवऱ्यांचा धूर, बाजरीचं पीठ, आणि माझे एवढेसे हात. माझी भाकरी एकतर काठाला फाटायची नाहीतर मधे कच्ची राहायची. पापुद्रा म्हणून कधी सुटला नाही. दादा तीच डब्यात न्यायचे आणि काही बोलायचे नाहीत. आई बोलायची.

त्या सुमारास आत्या आली. दादांची थोरली बहीण, सायखेड्याला दिलेली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. नदीकाठी नवऱ्याच्या वाट्याची थोडी काळी जमीन होती, ती दीर कसत होता, आणि त्याच्या बदल्यात आत्याला पडवीत एक खाट आणि दोन वेळचं जेवण होतं. त्या हिवाळ्यात तिला ताप आला आणि दिवसभर कोणी तिच्याकडे फिरकलं नाही. गावचा कोणीतरी बाजाराला आला होता, त्यानं दादांना सांगितलं. दादा गेले आणि तिला घेऊन आले. बरोबर एक गाठोडं होतं, धुवून धुवून मऊ झालेल्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं. ते तिनं खुंटीला अडकवलं आणि दाराशी बसली. लुगडं लागलं की गाठोडं काढायची, गाठ सोडायची, लुगडं घ्यायची, परत गाठ मारून तिथंच अडकवायची. आईनं पत्र्याच्या पेटीत तिच्यासाठी जागा करून दिली होती. ती रिकामीच राहिली.

आमच्याकडे बहीण भावाच्या घरी पाहुणी असते. पाहुणी चुलीला हात लावत नाही, आणि समोर येईल ते खाते. आत्या ही रीत इतकी कडक पाळायची की तिनं कधी तव्यावरची भाकरीसुद्धा उलटली नाही. जळत असली तरी. दाराशी बसून सांगायची, "इमे, जळती बघ," आणि जागची हलायची नाही. गावाकडं विमलचं इमल होतं, आणि इमलचं इमे. जेवताना माझी भाकरी दोन्ही हातांनी मोडायची, चावत राहायची आणि म्हणायची, "बरी झाली." तिला ती बरी वाटत नव्हती हे छबीलासुद्धा कळायचं.

आई मला एकदा भांडी घासताना म्हणाली, "अक्का इथं राहिल्या ना, तर चूल त्याच बघतील. हाताला चव आहे त्यांच्या. मग तू मोकळी." एवढंच म्हणाली, पण ते माझ्या डोक्यात बसलं. मला आत्याचा लळा वगैरे लागलेला नव्हता. ती अंगानं धिप्पाड, बोलायला तोडून, आणि झोपेत घोरायची. पण ती राहावी असं मला जितकं वाटायचं तितकं घरात कोणाला वाटत नसेल. ती मात्र कोणी विषय काढला की म्हणायची, "इथं मी भावाच्या घरात हाय. तिथं पडवी का असंना, नवऱ्याच्या घरात असते." 

झाडांचं तिनंच काढलं. उन्हाळा संपत आला होता. दादा कामावरून येऊन चहा पीत होते आणि आत्या दारातून बाहेर बघत होती.

"किसना," ती म्हणाली, "घरापुढं एक हिरवं पान नाय. हितं मान्सं राहत्यात का ही कांद्याची चाळ हाय?"

"लाव की मग तू," दादा म्हणाले. त्यांनी ते सहज म्हटलं होतं. पण आत्या सरळ होऊन बसली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर काय लावायचं यावरून जे बोलणं झालं तसं आमच्या घरात लग्न ठरवतानाही पुढं झालं नाही. दादांना मेंदीचं कुंपण पाहिजे होतं. कारखान्याच्या साहेबांच्या बंगल्यांना तसं होतं, कमरेएवढं, वरून चौकोनी कापलेलं.

"झाड हाय का कोनाचं डोकं, कापायला?" आत्या म्हणाली.

"तसंच असतं ते. कापलं की दाट होतं."

"आन मग त्याचं करायचं काय? ना खायला, ना वाहायला."

"शेळ्या आत येणार नाहीत. आणि चांगलं दिसतं." दादा जरा लाजले असावेत, कारण चांगलं दिसण्याबद्दल ते कधी बोलत नसत.

आईला दारात कढीपत्ता हवा होता. फोडणीला पाच पानं लागली तरी कौसाबाईंकडे, म्हणजे शेजारी, मागायला जावं लागायचं, आणि त्या पानं देताना सुनेचं गाऱ्हाणंही ऐकवायच्या. छबीला डाळिंब पाहिजे होतं, तेही उद्याच. आत्या म्हणाली, पांढरं फूल पाहिजे. तगर आणि मोगरा. पौर्णिमेला विहारात जायचं तर लोक आपापल्या घरची फुलं नेतात आणि आपण पानपट्टीच्या शेजारून विकतची पुडी नेतो, त्यातली निम्मी शिळी असतात. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, काहीही लावा, पण आत्याला इथं गुंतवा. आईच्याही मनात तेच असावं. ती म्हणाली, "सगळंच लावा. शेतातलं माणूस आहे, हिरवं धरलं की जीव रमेल त्यांचा."

आता आत्याची माती. तिनं अंगणातला मुरूम पायाच्या अंगठ्यानं उकरला, मूठभर उचलला, बोटांत चोळला आणि टाकून दिला. "ही काय माती हाय? ही रस्त्यावर घालायची." तिचा सगळा जन्म नदीकाठच्या काळ्या रानात गेला होता. त्या लोकांना काळ्या मातीचा गर्व असतो, पैशावाल्याला पैशाचा असतो तसा. तिनं ठरवलं की माती सायखेड्याहून आणायची, तिच्या स्वतःच्या रानातली. दादांनी समजावून पाहिलं, पण तिनं ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी सोबत म्हणून मला पाठवलं.

आम्ही एसटीनं गेलो. जावेनं गुळाचा चहा केला. आत्यानं तो उभ्यानंच प्यायला, पडवीतलं फावडं घेतलं आणि रानात जाऊन गोण्या भरायला लागली. मी गोणीचं तोंड धरून उभी. माती खरंच बघण्यासारखी होती, काळीभोर, ओलसर, हातात घेतली तर भिजवलेल्या पिठासारखी. दीर बांधावर येऊन उभा राहिला. त्याच्या वागण्यात वाईट काही नव्हतं, हसरा माणूस होता, त्यामुळं तर जास्त राग यायचा.

"माती कशाला, वहिनी?"

"लावायला."

"नाशकात माती नाय व्हय?"

"हाय. भाजल्या विटेवानी हाय."

तो हसला. "न्या. लागंल तेवढी न्या. गंगा दर साली आनून टाकती." गोदावरीला तिकडं गंगाच म्हणतात. मग म्हणाला, "नुसती माती न्यायला येऊ नका, राहायला बी या. तिकडं कंटाळा आला की खाट हाय पडवीत. तुमचीच हाय ती."

आत्याचं फावडं तेवढं जास्त जोरात चालायला लागलं. गावचा एक टेम्पो फ्लॉवर घेऊन नाशिकच्या बाजाराला निघाला होता, त्याच्या तळाशी आमच्या गोण्या टाकल्या आणि वर आम्ही दोघी गड्ड्यांवर बसलो. नाशिक दिसायला लागलं तेव्हा आत्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "खाट म्हनं," ती म्हणाली. 

रविवारी दादांनी खड्डे खणले. मुरमात कुदळ चालत नाही, पहारच लागते, आणि पहार मारली की कुठंकुठं ठिणगी उडायची. कौसाबाईंचे मालक मदतीला आले. झाडांसाठी गुडघाभर खड्डे आणि कुंपणासाठी पुढच्या बाजूनं लांब चर. निघालेला मुरूम भिंतीला ढीग करून टाकला. दादांनी बंगल्यांच्या माळ्याकडून छाटलेल्या मेंदीच्या फांद्यांचा भारा सायकलवर बांधून आणला होता. आत्यानं विळ्यानं वीतभर लांबीच्या काड्या केल्या, खालचं टोक तिरपं कापून. तगरीच्या फांद्या विहाराजवळच्या एका बाईंनी दिल्या, कढीपत्ता आणि डाळिंबाचं रोप बाजारातून आणलं. मोगऱ्याची मुळं धरलेली दोन रोपं आत्या सायखेड्याहून पदरात घालून घेऊन आली होती. सगळे खड्डे काळ्या मातीनं काठोकाठ भरले. शेजारपाजारचे लोक बघायला आले, माती हातात घेऊन म्हणाले, लोणी आहे लोणी. आत्या त्या दिवशी पाहुणीसारखी दिसत नव्हती. कंबरेला पदर खोचलेला, कोपरापर्यंत काळे हात. शेवटी मेंदीच्या काड्या बऱ्याच उरल्या. "एवढ्या कोन लावील," म्हणून तिनं त्या मुरमाच्या ढिगावर फेकून दिल्या आणि वर घमेलंभर मुरूम लोटला.

मग पावसाळा लागला. पहिले काही दिवस सगळं टवटवीत होतं आणि आत्या दिवसातून दहा वेळा बाहेर जायची. नंतर कढीपत्ता पिवळा पडला. मग डाळिंबानं पानं टाकली. चरातल्या मेंदीच्या काड्या बुडापासून काळ्या पडत वर निघाल्या. पाऊस थांबला तरी प्रत्येक खड्ड्यात वर पाणी उभं असायचं आणि त्यात आभाळ दिसायचं. आत्याच्या हिशेबानं पिवळं पडणं म्हणजे झाड उपाशी, म्हणून तिनं गवळ्याकडून ताजं शेण आणून घातलं. त्यानं वासही यायला लागला. कौसाबाई कुंपणाच्या जागी उभ्या राहून म्हणाल्या, "अक्का, भात लावलाय का?"

"व्हय," आत्या म्हणाली. "तुमच्या सुनंला पाठवा लावनीला."

उत्तर तिनं दिलं, पण घरात येऊन बसली ती दिवसभर झाडांकडे फिरकली नाही. त्याच आठवड्यात मोगऱ्याच्या एका रोपाचं खोड हाताला मऊ लागलं. संध्याकाळी तिनं गाठोडं खुंटीवरून काढलं, दोरीवर वाळत टाकलेलं दुसरं लुगडं आत ठेवलं आणि दादांना म्हणाली, "रविवारी जाते मी."

"झाडं गेली म्हणून माणूस जातं का कुठं?" आई म्हणाली.

"मान्सानंच लावली व्हती ती."

"पावसानं गेली, अक्का."

"पाऊस सायखेड्यालाबी पडतो. तिथं जातंय का काही? माझ्या रानातली माती, माझा हात, आन तरी सडलं. हितं माझं काय धरत नाय. उगा कशाला."

आई दादांकडे बघत होती. दादांनी काहीतरी बोलावं म्हणून मीही त्यांच्याकडे बघत होते. दादा बराच वेळ पायाचं नख कुरतडत बसले आणि म्हणाले, "पोचवायला येईन मी." मला त्यांचा एवढा संताप आला की हातातली भाकरी तव्यावर टाकताना उभी फाटली. आता विचार करते तेव्हा वाटतं, दुसरं काय म्हणणार होते ते. राहा म्हणणं म्हणजे तुला तिथं कोणी नाही असं तोंडावर सांगणं. थोरल्या बहिणीला असं कोण सांगतं.

शनिवारी दादा कामावर जाताना मला सांगून गेले की भिंतीजवळचा मुरमाचा ढीग आजच्या आज पुढच्या बोळात पसर, तिथला चिखल तरी कमी होईल. कौसाबाईंची तक्रार होती की ढिगाचा गाळ वाहून त्यांच्या दारात जातो. मी फावडं आणि घमेलं घेऊन गेले. ढिगाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे, कोणी जात नसे. तिथं हिरवं दिसलं. मला वाटलं गवत आहे. फावडं घातलं तर काडी वर आली, वर नखाएवढी चकचकीत पानं आणि खाली पांढऱ्या मुळ्या, शेवयांसारख्या. ती मेंदी होती. आजूबाजूला बघते तर फेकलेल्या काड्यांमधल्या कितीतरी तशाच आडव्यातिडव्या फुटल्या होत्या, कोणी पाणी घातलं नव्हतं, कोणी बघितलंही नव्हतं.

मी ती काडी घेऊन घरात गेले. आत्या गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती, उद्याची एसटी आजच यायची असल्यासारखी.

"आत्या, हे बघ."

"काय हाय?"

"मेंदी. तू ढिगावर फेकलेली."

"जा गं," ती म्हणाली. पण मुळ्या बघून तिनं काडी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली, मुळीला नख लावून पाहिलं. मग गाठोडं बाजूला ठेवून बाहेर आली आणि ढिगाशी उकिडवी बसली. बोटानं मुरूम उकरत राहिली. नंतर उठली ती तशीच कढीपत्त्याच्या खड्ड्याकडे गेली, मेलेलं झाड उपटलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. हात बाहेर काढून वास घेतला, आणि तोंड असं केलं की मला हसू आलं.

"आंबलंय," ती म्हणाली. "इमे, हिकडं ये. हात घाल. खाली काय लागतं?"

"दगड."

"दगड न्हवं, मुरूम. भांड्याच्या बुडावानी. आमच्या रानात पानी खाली जातं, हितं जायला वाटच नाय. परातीत माती घातली मी, आन वरून पाऊस."  मग कपाळाला चिखलाचा हात लावून म्हणाली, "येडी गं येडी. एवढी म्हातारी झाले आन परातीत बाग लावली." आणि हसायला लागली. आमच्या घरी आल्यापासून ती पहिल्यांदा हसली असेल. कौसाबाई बाहेर येऊन बघायला लागल्या.

दादा संध्याकाळी आले तेव्हा अर्धे खड्डे उपसलेले होते आणि आम्ही दोघी ओळखू येत नव्हतो. आत्या त्यांना म्हणाली, "उद्या पहार घे. प्रत्येक खड्ड्याला उताराकडं तोंड पाडायचंय. पानी निघून गेलं पाहिजे."

"उद्या जायचं होतं ना तुला?" दादा म्हणाले. आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते चहा न घेताच हात धुवायला गेले.

"जाईन की," आत्या म्हणाली. "असं उकरून ठेवून कशी जाऊ? दसरा झाला की जाते."

मग तिनं सगळं नव्यानं केलं. अर्धा मुरूम, अर्धी सायखेड्याची माती, कुजलेलं शेणखत आणि चुलीची राख. चर बुजवून त्या जागी मुरमाचा वरंबा केला आणि ढिगावरची मेंदी अलगद काढून त्यावर लावली. वाचलेला मोगरा आणि तगर उंचवट्यावर घेतले. दसरा झाला तेव्हा म्हणाली, थंडीत मुळं धरत नाहीत, थंडी सरली की जाते. थंडीत मी हुलग्याचे शेंगोळे करायचे, ते मला भाकरीपेक्षा बरे जमायचे, आणि आत्या ताट घेऊन दारात मेंदीकडे तोंड करून जेवायची. लोक म्हणतात झाडांशी गोड बोललं की ती वाढतात. आत्या झाडांना शिव्या द्यायची. तगरीला तर अशा द्यायची की छबी त्या शिकली. तरी वाढली सगळी. मेंदी गुडघ्याच्या वर आली तशी दादांनी कुठून तरी कात्री आणली आणि दर रविवारी कापायला लागले. आत्या आधी तोंड फिरवून बसायची. मग एकदा मी ऐकलं, ती म्हणत होती, "किसना, डाव्या अंगाला वर आलंय बघ. सरळ कर."

संक्रांत झाल्यावर तिनं मोगऱ्याचं पाणी तोडलं आणि थोड्या दिवसांनी विळा घेऊन त्याला वितीएवढा ठेवला. आई दवाखान्यातून आली आणि बघून दारातच थांबली. "अक्का, आत्ता कुठं जगलं होतं हो ते."

"जगलं म्हनून तर कापलं. मेलेल्याला कोन कापतं?" आत्या म्हणाली. "आता ऱ्हाऊ द्या उपाशी. मग पानी दिलं की कळ्याच टाकल."

आई मला आत येऊन हळूच म्हणाली, "उन्हाळ्यात मोगऱ्याला पाणी कोण घालणार ते विचारू नकोस हं त्यांना." मी कशाला विचारते. फाल्गुनात आंघोळीचं पाणी मोगऱ्याकडे वळलं आणि थंडी सरली की जाते ही गोष्ट पुन्हा निघाली नाही. नवा कढीपत्ता कौसाबाईंनीच त्यांच्या झाडाखालचं पिलू काढून दिला. देताना सुनेबद्दल सांगितलंच. उन्हाळ्यात दीर एकदा बाजाराला आला तेव्हा डोकावून गेला. मेंदीच्या फटीतून आत येत म्हणाला, "वहिनी, खाटंवर कोंबडी बसायला लागली. येताय ना?" आत्या म्हणाली, "बसू द्या. अंडी देईल."

माझी सून आता रोपवाटिकेतून कुंड्या आणते. त्यात माती नसते, नारळाचा भुसा असतो, आणि प्रत्येक झाडाच्या गळ्यात नावाची पट्टी असते. वाढतात तीही. त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. भावकीत काही कार्य असलं की मी माहेरचं ते घर अजून जाऊन बघते. मेंदीची एक बाजू गाडीसाठी काढली. मला वाईट वाटलं नाही, गाडी लागते. तगर आहे. तिचं खोड आता माझ्या मांडीएवढं आहे आणि कोणी काही घालत नाही तिला.

तर त्या उन्हाळ्यात, वैशाखी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मोगऱ्यावर कळ्या होत्या. ओंजळभरच, पण टपोऱ्या. रात्री उमलल्या तर सकाळपर्यंत मलूल होतात, म्हणून त्या संध्याकाळीच खुडून ओल्या मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायच्या असतात. आत्यानं मला फडकं मागितलं. मी जे जे दिलं ते तिला राठ वाटलं. शेवटी तिनं खुंटीवरचं गाठोडं काढलं, गाठ सोडली, आतली लुगडी, चोळ्या आणि एक फणी उचलून आईनं दिलेल्या पेटीत ठेवली आणि ते धोतराचं फडकं माठाखालच्या पाण्यात भिजवून पिळलं. आईनं बघितलं. मी बघितलं.  दादा तर कात्रीला तेल लावत बाहेरच बसले होते.

सकाळी आम्ही सगळे पांढरे कपडे घालून विहारात गेलो. आत्यानं फडकं उघडलं तेव्हा वास पत्र्यापर्यंत गेला. आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या आणि कौसाबाईंनी सगळ्यांना सांगितलं की हा मोगरा आमच्या शेजारचा. विहारात खीर होती. छबीनं ती तीनदा घेतली आणि घरी येऊन झोपली. आत्या दिवसभर बायकांत बसून मुरमात झाड कसं लावायचं ते सांगत होती, जणू ती मुरमातच जन्मली होती. फडकं संध्याकाळी धुवून मेंदीवर वाळत घातलं. नंतर ते भाकरी गुंडाळायला वापरायला लागलो. खुंटीवर दादांची टोपी आली.

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी मी चूल पेटवली, परात ओढली आणि पीठ भिजवलं. आत्या उठून दाराशी बसायला जाईल असं मला वाटलं. ती आली आणि माझ्यामागं उभी राहिली.

"सरक," ती म्हणाली.

"का?"

"सरक म्हनते ना. साल उलटून गेलं ह्या भाकरी खातेय. पाहुनी व्हते म्हनून खाल्ल्या."

मी सरकले. तिनं माझा गोळा उचलून बाजूला टाकला, नवं पीठ घेतलं आणि थापायला लागली. भाकरी परातीत गोल फिरत मोठी होत गेली, तव्यावर पडली आणि टम्म फुगली. दादा आंघोळ करून आत येत होते, ते तिथंच थांबून बघत राहिले. मी हात धुतले आणि ते पिठाचं पाणी बाहेर जाऊन मेंदीच्या बुडाशी ओतलं.